आबांचे अडीच हजार वॅट

राहू, ता. दौंड
डिसेंबर २००७

तीर्थस्वरूप ज्ञानदेव मामांच्या पायांवर डोकं ठेवून संपतचा नमस्कार. मामींनाही तेवढाच.

इकडं सगळे जिवंत आहेत. ‘खुशाल आहेत’ असं लिहायला बसलो होतो, पण हात धजला नाही. तुमचा गुडघा कसा आहे? आई रोज विचारते, एरंडाचं पान बांधता का, आणि बांधलं तर त्याला आधी तेल लावता का. मांडी घालून बसू नका. शिरूरच्या बाजाराला जायचंच झालं तर कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून जा. खरं तर फोनच करायचा, पण आमचा फोन चुलीमागच्या भिंतीला आहे आणि मी तुमचं नाव काढलं की आबा टॉवेल झटकत येऊन माझ्या मागं उभे राहतात. म्हणून हे पत्र. ते शांतपणे वाचा, आणि वाचताना जवळ पाणी ठेवा.

भिमाजींनी तुम्हाला काय सांगितलं ते मला कळलं. मुलीच्या घरात बेकायदा रेडिओ स्टेशन चालतं, बघायच्या दिवशी सरकारची जीप आली, आणि मस्कतला बसलेल्या त्यांच्या मच्छिंद्रच्या तोंडाचे तुकडे करून दाखवले. मामा, यातलं एकही वाक्य साफ खोटं नाही, म्हणूनच मला सगळं पहिल्यापासून लिहावं लागतंय. तुम्ही आपल्या प्रतिभासाठी हे स्थळ आणलंत, गुडघ्यामुळं तुम्हाला येता आलं नाही, आणि तुमच्या पाठीमागं आम्ही तुमचं नाक कापलं, असं वाटत असेल तर ते बरोबर आहे. पण नाक कसं कापलं गेलं ते तरी ऐकून घ्या.

आमच्या चौकातल्या नेटच्या खोलीबद्दल तुम्हाला थोडं ठाऊक आहे. पोरं तिथं हॉलतिकिटं काढतात, भरतीचे अर्ज भरतात, निकाल बघून घरी न जाता नदीकडं जातात. ब्रॉडबँडची वायर कासुर्डीपर्यंत येऊन थांबली आहे, हायवे सोडून आत यायला ती तयार नाही. म्हणून आक्काबाई आत्याच्या कासुर्डीच्या घरावर एक जाळीची डिश आणि आमच्या खोलीवर दुसरी, दोघी एकमेकींकडं तोंड करून उभ्या आहेत. मध्ये नुसतं ऊस आणि आभाळ. त्यातल्या रेडिओला परवाना लागत नाही. (परवाना लागत नाही हे ऐकल्यावर मी पुढचं काही ऐकलं नव्हतं. प्रतिभानं ऐकलं होतं. बी.एस्सी.ला ती माझ्यासारखी मागच्या बाकावर नव्हती.) दोन्ही डिश तिनंच जुळवल्या आणि यंत्राची ताकदही तिनंच बेतून ठेवली. वर्षभर ते बिनतक्रार चाललं, इतकं की त्यात काही चालतंय हे आम्ही विसरलो.

मच्छिंद्रला रजा नव्हती. त्याला शुक्रवारची सुट्टी असते, म्हणून शुक्रवारी सकाळी भिमाजी आणि कुशाबाई आमच्याकडं येणार, आणि मुलगा मस्कतहून कॅमेऱ्यावर बसणार असं ठरलं. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं होतं. मग आबांनी जेवता जेवता विचारलं, त्या यंत्राची पावर किती. प्रतिभा सहज म्हणाली, वॅटचा साठावा हिस्सा. मामा, आबांचा घास हातातच राहिला. आपल्या विहिरीवर साडेसात हॉर्सपॉवरची मोटर आहे. आबा माणसालासुद्धा हॉर्सपॉवरमध्ये मोजतात. त्यात त्यांचं सगळं तरुणपण मेंढरांमागं कोकणात उतरण्यात गेलं. एका डोंगरावरून हाळी दिली तर पलीकडच्या डोंगरावरचं कुत्रं वळायचं, हे तुम्ही त्यांच्याच तोंडून किती वेळा ऐकलंय. ते म्हणाले, “माझ्या लेकीचं लगीन साठाव्या हिश्श्यावर? देवापुढचा बलबसुदिक पाच वॅटचा हाय.”

प्रतिभानं समजावून बघितलं. नियम असा आहे की यंत्रातून जास्तीत जास्त एक वॅट सोडायचा, आणि डिशनं ते गोळा करून एका दिशेला फेकल्यावर त्याचा जोर चार वॅटांच्या वर जाता कामा नये. आमची डिश मोठी, ती जोर अडीचशे पट करते. म्हणून यंत्र साठाव्या हिश्श्यावर ठेवलं की गणित बरोबर चारावर येतं, आणि कासुर्डीला तेवढं पोटभर पुरतं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी सरकारला परवडत न्हाई.” मग ते आमच्या शेजारच्या पोपटरावांच्या गुऱ्हाळावर जाऊन बसले. पोपटराव कुणाच्याही अडचणीला धावतात. (अडचण नसेल तर घेऊन येतात.) त्यांनी सणसवाडीहून एक माणूस आणला. तो कंपन्यांच्या गेटवरचे वायरलेस दुरुस्त करतो. त्याच्या पिशवीत पितळी पंखांचा एक डबा होता, त्याला तो बूस्टर म्हणत होता. “अंकल, दस वाट का माल है. पूरा तालुका पकड़ेगा.” तालुका कशाला पकडायचा, आपल्याला मस्कत पाहिजे, हे मला तेव्हा विचारता आलं असतं. मी शिडी धरली होती.

प्रतिभा तेव्हा खाली उभी होती. तिनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना आबांनी वरून तिला चहा ठेवायला सांगितलं.

डबा बसला आणि दोन दिवस नेट असं चालायला लागलं की जणू एखादा बहिरा माणूस माईकवर बोलतोय. आमच्याकडून जायचं धो धो, तिकडून काही यायचं नाही. आमच्याच आवाजात आमचे कान बसले होते. पण आबा खूष, कारण डब्याला हात लावला की चटका बसत होता. त्यांच्या मते जे तापतं ते काम करतं.

शुक्रवारी पाहुणे आले. भिमाजी मोजकं बोलणारे गृहस्थ, कुशाबाई त्यांच्या वाटचंही बोलतात. पोहे झाले, प्रतिभानं नमस्कार केला, नाव सांगितलं, आणि आम्ही सगळे खोलीत कॉम्प्युटरपुढं बसलो. मच्छिंद्र दिसला. चांगला गोरटेला, हसरा, इस्त्रीचा शर्ट. त्यानं “आई” म्हणायला तोंड उघडलं आणि तिथंच थांबला. मामा, तो थांबला म्हणजे थांबलाच. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, दुसरा अर्धा, आणि बघता बघता हनुवटीचे हिरवे चौकोन होऊन ते कानाकडं सरकायला लागले. स्पीकरमधून नुसतं “आ, आ, आ” असं येत होतं. कुशाबाईंनी पोराला वर्षभरानंतर बघितलं होतं. त्या पडद्याजवळ सरकल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “काय केलं त्याला तुम्ही?” आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आई देवाच्या खोलीत पळाली. भिमाजी उठून कॉम्प्युटरच्या मागं जाऊन बघून आले.

आबा म्हणाले, “थांबा, अजून पावर देतो.”

ते जिन्यापाशी पोचले तेवढ्यात जीप येऊन उभी राहिली. पांढरी, सरकारी पाटीची. तीतून एक तरुण बाई उतरली. तिच्या हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना होता, आणि तो तिनं थेट आमच्या डिशकडं रोखलेला होता. आमचं सगळं गाव जीप बघून थबकलं होतं, पण आबा नाही. आबांना वाटलं, आपली कीर्ती लांबवर पोचली असणार. ते पुढं होऊन म्हणाले, “आमचीच हाय. लांब जाती ना?” बाई म्हणाली, फार लांब जाते आजोबा, तुम्ही जरा बसा.

तेजश्री मॅडम त्यांचं नाव. रेडिओलहरींवर नजर ठेवणारं सरकारचं एक खातं असतं, त्यातल्या इंजिनिअर. मला असं खातं असतं हेच माहीत नव्हतं. आभाळातसुद्धा मोजणी होते म्हणे. त्यांनी हातातल्या यंत्राकडं बघितलं, मग डिशकडं, मग पुन्हा यंत्राकडं, आणि चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, “चार वॅटांची मुभा आहे. इथून अडीच हजार निघतंय.” पोपटराव तेवढ्यात आले होते. ते आल्या पावली गुऱ्हाळाकडं वळले. मॅडम पुढं म्हणाल्या की कासुर्डीच्या मागं, नेमक्या आमच्या रेषेत, एका दूध केंद्राचा असाच रेडिओ आहे. दोन दिवस तो बंद पडलाय. दुधाच्या गाड्या रांगेत उभ्या आणि नोंद कुठं होईना. मी म्हणालो, पण मॅडम, याला परवाना लागत नाही ना. त्या म्हणाल्या, “परवाना लागत नाही म्हणजे जागा सगळ्यांची. म्हणूनच तर हळू बोलायचं.” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजावून सांगत होत्या, आणि ते पाहुण्यांसमोर.

आबा ओट्यावर बसले. त्यांना कशाचा धक्का बसला असेल? जीपचा नाही, अडीच हजारांचा तर नाहीच. तो आकडा ऐकून त्यांची छाती थोडी वरच आली होती. त्यांना धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. मॅडमनी डबा काढायला लावला, प्रतिभानं यंत्र पुन्हा साठाव्या हिश्श्यावर नेलं, आणि आतून मच्छिंद्रचा आवाज आला, स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा: “आई, तू रडतीस का?” आबांनी तो ओट्यावर बसून ऐकला. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, आजा गेला तेव्हासुद्धा. एवढ्याशा जोरावर एक माणूस समुद्र ओलांडून आपल्या आईशी बोलतोय, हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले.

पण तोवर भिमाजींच्या मनातून आम्ही उतरलो होतो. ते म्हणाले, “जेवायचं ऱ्हाऊ द्या. ज्या घरी सरकार येतं तिथं बघण्यासारखं काय उरतं?” कुशाबाईंना पोरापुढून उठवत नव्हतं, त्यांना त्यांनी हाताला धरून नेलं. शिकरण तशीच राहिली.

तेव्हापासून घरात सुतक असल्यासारखं आहे. आबा आता इतकं हळू बोलतात की बैलसुद्धा मान वळवून बघतो. आई माझ्याकडं बघत नाही. आणि प्रतिभाचं तर बघवत नाही मामा. बिचारी अवाक्षर बोलत नाही, दिवसभर खोलीत कॉम्प्युटरपुढं एकटीच बसून असते आणि काहीतरी टाइप करत राहते. जेवायला हाक मारली तर दचकते. तिच्या मनाला फार लागलंय. तेव्हा तुम्ही मोठे आहात, तुमचा शब्द भिमाजी मोडणार नाहीत. त्यांना सांगा की घर चांगलं आहे, फक्त जरा जास्त वॅटचं होतं, आता कमी केलंय.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला विश्रांती.

आपला भाचा,
संपत

ता. क. दंड झाला नाही. लेखी ताकीद मिळाली आणि डबा जप्त झाला. सणसवाडीच्या त्या माणसाचा फोन लागत नाही.

ता. क. दुसरा. खरं सांगायचं तर भिमाजींचं तुम्ही सावकाश बघा. आधी मला आठ-पंधरा दिवस शिरूरला तुमच्याकडं राहायला बोलवा. पत्रात ‘गुडघ्यामुळं माणूस हवं’ असं लिहा. माझं नाव तुम्हीच सुचवलंय असं दिसू द्या. शिडी कुणी धरली होती, हे घरात रोज एकदा तरी निघतं.

ता. क. तिसरा. हे अक्षर प्रतिभाचं. दादानं पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं. मामा, नमस्कार. मॅडमना फोन मीच केला होता. दूध केंद्रात विचारलं तेव्हा आपल्यामुळं किती गाड्या अडल्या ते कळलं, आणि घरात माझं कुणी ऐकेना. त्या गुरुवारी येते म्हणाल्या होत्या, शुक्रवारी आल्या, एवढंच माझं चुकलं. आबांना मी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. ते म्हणाले, “मला का न्हाई बोललीस?” मी म्हणाले, “बोलले होते आबा. तुमचा आवाज मोठा होता.” नंतर येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेले.

मच्छिंद्रचं आणि माझं रोज बोलणं होतं. सगळं ठरलंय. मेमध्ये तो कायमचा परत येतोय, सणसवाडीला नोकरी बघतोय, आणि नेटची खोली माझीच राहणार आहे हे त्यानं कबूल केलंय. कुशाबाईंना माहीत आहे. भिमाजींना त्या सांगतील तेव्हा कळेल. भिमाजींकडं तुम्ही जाऊ नका, कुशाबाई रागावतील. तुम्ही फक्त दादाला बोलवून घ्या आणि हे त्याला तिकडंच सांगा. आधी खाली बसवा.