दारासमोरचा हातभर चौकोन

हैफा,
वल्हांडण सणाची साफसफाई अर्ध्यावर

प्रिय सिम्हाताई,

तुला शांती, दाजींच्या गुडघ्यांना शांती, आणि तुमच्या खालच्या मजल्यावर जो कुणी तुतारी वाजवायला शिकतो आहे त्याला लवकर दुसरा छंद लाभो. तुझी तब्येत ठणठणीत असणारच, कारण मागच्या फोनवर तू माझ्यावर जेवढा वेळ ओरडलीस तेवढ्यात तुला एकदाही धाप लागली नाही. माझंही बरं चाललं आहे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला, त्यावर अजून पट्टी आहे, आणि डाव्यातला निवांत पिकतो आहे. तेव्हा या ओळी खाली घसरत गेल्या असतील तर हेस्केल घसरला असं समजू नकोस. (फोन का नाही केला, असं विचारशील. ताई, फोनवर तू मध्ये बोलतेस. कागदावर माझं संपेपर्यंत तुला थांबावं लागतं. ही सोय मला इतक्या उशिरा सुचावी याचं वाईट वाटतं.)

तू सणाला येणार आहेस. येऊन मी एकटा राहू शकतो की नाही याचा निकाल लावणार आहेस. निकाल 'नाही' असा लागला (आणि तो तू रामत गानहून निघतानाच पिशवीत घालून आणणार, हे मी ओळखून आहे) तर घर विकून मला तुझ्या शिवणयंत्राच्या खोलीत नेऊन ठेवणार आहेस. हे सगळं मला मान्य आहे. म्हणजे मान्य नाही, पण माहीत आहे. म्हणून तू दार उघडल्याबरोबर तुझी नजर जिथे जाईल तिथलं आधीच सांगून टाकतो. बाबांच्या चौकोनाबद्दल.

तुला त्याबद्दल मी काय सांगणार म्हणा. बगदादहून आल्यावर बाबांनी हे घर घेतलं, सगळ्या भिंतींना गिलावा करून घेतला आणि बरोबर दारासमोर हातभर चौकोन तसाच उघडा, दगड दिसणारा ठेवला. त्यांचं म्हणणं, आपल्या लोकांचं पुरातन मंदिर पडलं आहे, मसीहा येऊन ते पुन्हा उभं करीपर्यंत आपलंही घर पुरं झालं असं म्हणायचं नाही. आई म्हणायची, ठेवा, पण कपाटामागे ठेवा, पाहुण्यांना दिसतं. बाबा म्हणायचे, मग आठवण कोणाला राहणार, झुरळांना? बाबा गेल्यावर तू घर माझ्या हवाली केलंस ते त्या चौकोनाला हात लावायचा नाही या अटीवर, आणि मी कधी लावला नाही. इतकी वर्षं बस चालवली, तिला चारी बाजूंनी पोचे आले, पण चौकोनाला ओरखडा नाही.

तर मी इस्पितळातून घरी आलो. (साखर वाढली म्हणून त्यांनी ठेवून घेतलं होतं, साखर का वाढली ते विचारू नकोस.) दार उघडलं, आणि समोर भिंत पांढरीशुभ्र. एकसंध. नवरीच्या पोशाखासारखी. आता माझ्या मनात पहिला विचार काय आला, खरं सांगतो, हसू नकोस. मला वाटलं, मसीहा आला, आणि मी डोळ्यांच्या वॉर्डात पडून होतो म्हणून मला कोणी कळवलं नाही. पिशवी तिथेच टाकून मी खिडकीशी गेलो. खाली भाजीवाला आणि टॅक्सीवाला एकमेकांच्या आया-बहिणी काढत होते. म्हणजे आला नव्हता. जरा बरं वाटलं, मग बरं वाटल्याबद्दल वाईट वाटलं.

तेवढ्यात मागून नखले आला. शेजारचा नखले तुला आठवतो ना, बाबा गेले तेव्हा सुतकाचे सातही दिवस आल्यागेल्याला कॉफी पुरवणारा? जन्मभर त्याने गिलाव्याचंच काम केलं, आता निवृत्त आहे, आणि कानांनी पार गेला आहे. बायको बाहेर असताना त्याच्या दाराची बेल वाजली की ती मला ऐकू येते, मी आमच्या मधल्या भिंतीवर मूठ आपटतो, ते हादरे त्याला कळतात, मग तो दार उघडतो. त्याच्या मोबदल्यात तो मला बसचा नंबर वाचून दाखवतो आणि हल्ली डोळ्यात थेंब घालतो. असं आमचं दोघांत मिळून एक धड माणूस होतं. घराची किल्ली त्याच्याकडे होती. तो दारात उभा, हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर असं हसू की जणू मुलीचं लग्न लावून आला आहे.

ताई, त्या माणसाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने कामं केली ती त्यांच्या अरब गावांतली आणि बिल्डरांची, तिथे असा चौकोन कोणी सोडत नाही. आणि आमच्यात दोन विषय निघत नाहीत, एक अठ्ठेचाळीस सालची लढाई आणि दुसरा मसीहा. बाकी सगळ्यावर आम्ही मनसोक्त भांडतो. त्यामुळे चौकोन काय आहे हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याची आणि विदादची (त्याची बायको) पक्की समजूत होती की भिंतीचा पोपडा निघाला आहे आणि बस ड्रायव्हरच्या पेन्शनीत तो भरून घेणं मला झेपत नाही. दर रविवारी विदादकडून येणाऱ्या त्या द्राक्षपानांच्या भाताच्या गुंडाळ्या (मांस नसतं त्यात, आपल्या धर्माला चालतात, भुवया खाली घे) मी इतकी वर्षं शेजारधर्म समजून खाल्ल्या. त्या भिंतीची कीव म्हणून येत होत्या. आणि आता दुखरे गुडघे घेऊन हा म्हातारा शिडीवर चढला, तीन हात देऊन भिंत आरशासारखी केली, का, तर हेस्केल डोळा उघडेल तेव्हा त्याला पहिल्यांदा काहीतरी चांगलं दिसावं.

इथे एखाद्या शहाण्या माणसाने आभार मानले असते. मी म्हणालो, हे काय करून ठेवलंस. आणि मग सगळं सांगितलं, तेही मोठ्याने, कारण त्याला हळू सांगून चालत नाही. अख्ख्या जिन्याला मंदिर, हद्दपारी आणि मसीहा ऐकू गेले. नखलेने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग बरोबरच झालं की, तो येऊन गेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी, इथून जवळच, नाझरेथला वाढला. तुझी भिंत मी उशिराच भरली.

झालं. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं भांडं एकदाचं उतू गेलं. मी म्हटलं, येऊन गेला तर काम कुठे आहे? आमच्या संदेष्ट्यांनी कामाची यादी दिली आहे. तलवारी मोडून नांगर करायचे, विखुरलेले सगळे घरी यायचे, लांडगा आणि कोकरू एकत्र बसायचे. इथे तळमजल्यावरच्या दोन बायका एका जिन्यावर एकत्र बसत नाहीत. आमचा येईल तो दावीदाच्या घराण्यातला माणूस असेल, देव नाही, देवाचा मुलगाही नाही, पण काम पुरं करेल, आणि पुरं झालेलं दिसलं की आम्ही म्हणू, हाच तो. त्यावर नखले म्हणाला की हेच गिऱ्हाइकांचं चुकतं. पायाचं काम वरून दिसत नाही. त्याने आधी माणसाच्या आतलं काम धरलं, पाप धुतलं, मरण पत्करलं, मेलेल्यातून उठला, आणि सांगून गेला की उरलेलं करायला परत येतो. मी म्हटलं, नखले, परत येतो म्हणून गेलेले गवंडी मी खूप पाहिलेत. (हे बोलायला नको होतं. मला ते तेव्हाच कळलं.)

त्याने भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "हेस्केल, लोक त्याच्याशी जसं वागले, तसं वागूनही तो परत येतो म्हणाला. माझ्याशी कोणी तसं वागलं असतं ना, तर मी विसरलेली थापी न्यायलासुद्धा परत गेलो नसतो." आणि गेला. थापी खरंच माझ्या मोरीत राहिली होती.

त्यानंतर घर एकदम गप्प झालं. कॉफी बंद, आमचा रोजचा सोंगट्यांचा पट बंद, फासे डब्यात. रविवार नसल्याने गुंडाळ्यांचं कळायला मार्ग नव्हता, पण रागरंग ठीक नव्हता. त्यांची बेल वाजली की मी सवयीने भिंतीवर मूठ आपटायचो आणि तो दार उघडायचा नाही; पाहुणे बिचारे जिन्यात उभे. थेंब मी स्वतः घालायला लागलो, निम्मे मिशीत. तुला लपवून काय करू, मला फार एकटं वाटलं. आणि त्याच भिंतीकडे तोंड करून बसायचं, जी इतकी सुरेख झाली होती की तिच्यावर रागावताही येईना. इकडे तू येणार. तुझ्यासमोर बाबांचा चौकोन गायब, म्हणजे निकाल तिथेच लागला.

म्हणून ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, नखले आणि विदाद चर्चमध्ये गेलेले पाहून मी हातोडी काढली. ठरवलं होतं की हलक्या हाताने चौकोन मोकळा करायचा आणि वर पडदा टाकायचा, तो आला तर दिसणार नाही, तू आलीस तर पडदा दूर करायचा. (मी बस चांगली चालवायचो, योजना मला कधीच जमल्या नाहीत.) पण नखलेचा गिलावा, ताई. त्यावर हातोडी नाचून परत येते. शेवटी एका डोळ्याने नेम धरून सगळा जोर लावला, तर माझ्या बाजूला एक टवका निघाला आणि पलीकडे नखलेच्या घरात धप्प असा आवाज झाला. मी हातोडी हातात घेऊन तसाच बसून राहिलो. चर्च सुटून ते घरी येईपर्यंत जागचा हललो नाही.

दारात विदाद आली. कानामागे झावळीचा तुकडा, आणि छातीशी धरलेली येशूची ती मोठी तसबीर, तिच्या आईने माहेरून दिलेली, जी बरोबर माझ्या चौकोनाच्या पाठीमागे असते. काच शाबूत होती, सोफ्यावर पडली म्हणून. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "हेस्केलभाऊ, तुमच्याची वाट बघा, आमची काही हरकत नाही. पण त्यासाठी आमच्याला का खाली पाडता?"

तिच्या मागे नखले. माझा टवका पाहिला, हातोडी पाहिली, माझी पट्टी पाहिली, आणि मागे फिरला. मला वाटलं, संपलं. मी त्याची थापी धुऊन ठेवली होती, तीही द्यायची राहिली. तर हा छिन्नी, ओळंबा आणि दोरी घेऊन परत आला आणि मला म्हणाला, सरक, इमारत पाडशील. मग आखणी केली. चारी कोन तपासले. म्हणाला, "जन्मभर लोकांनी मला भिंत पुरी करायला बोलावलं, अर्धवट ठेवायला तू पहिलाच. ठेवायची तर नीट अर्धवट ठेवू." आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं काम फोडायला लागला. मला रडू आलं. डॉक्टरांनी रडायची मनाई केली आहे, पट्टी भिजते, पण आलं. मी त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी जाऊन म्हणालो की माझं चुकलं. तो म्हणाला, ऐकू येत नाही, पुन्हा सांग. मला वाटतं, आलं होतं.

संध्याकाळी गुंडाळ्या आल्या. म्हणजे बघ, आता भिंतीचं खरं माहीत असूनही आल्या.

तेव्हा तू निर्धास्त ये. दाजींना नमस्कार. चौकोन जागेवर आहे, मीही आहे.

तुझा धाकटा,
हेस्केल

ता. क. सेडरला, सणाच्या रात्रीच्या जेवणाला, नखले आणि विदाद आपल्याकडे आहेत. मसीहाचा विषय तू काढू नकोस. त्याला काही ऐकू येत नाही, पण तेवढं येतं. मसीहाच्या आधी येणाऱ्या एलिया संदेष्ट्यासाठी रीतीप्रमाणे दार उघडायला त्यालाच सांगणार आहे, कुणाच्या का येण्याची वर्दी देईना, एलियाबद्दल दोघांचं दुमत नाही. विदादला तुझा खजुराचा काकवीसारखा पाक हवा आहे, दोन बाटल्या आण.

ता. क. आणखी. टेप घेऊन चौकोन मोजू नकोस. तो बाबांच्यापेक्षा चार बोटं मोठा झाला आहे. मी विचारलं तर नखले म्हणाला, येणाऱ्याला जितका उशीर, तितकं काम वाढणारच.

ता. क. शेवटचा, आणि पत्र खरं याच्यासाठी लिहिलं. माझ्या दणक्याने त्याच्या बाजूलाही गिलावा पडला, तसबिरीच्या खिळ्यासकट, तळहाताएवढा. मी म्हटलं, भरून घे. तो नाही म्हणाला. म्हणाला, आमचा येऊन गेला हे खरं, पण परत यायचाय हेही खरं, तोवर माझ्याकडेही थोडं राहू दे. विदादने रागाने तसबीर शेजारी सरकवून टांगली. आता एकाच भिंतीला दोन्हीकडून उघडी जागा आहे, आणि दोन्ही घरी कोणाची तरी वाट आहे. ताई, घर विकू नकोस. येणारा कोणाचाही असो, तो बेल वाजवणार. ती मला ऐकू येईल, आणि कोण आलं आहे ते नखलेला दिसेल. आमच्यातल्या एकट्याच्याने ते व्हायचं नाही.