हनुवटीवरचा तीळ

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्टुडिओत दिवसभर मी फोटोंतले लोकांचे डाग पुसते, आणि गिऱ्हाईक विचारतं, स्वतःच्या गालांचं काय? म्हणून वांगावर डॉक्टरीणबाईंकडून गोळ्या सुरू केल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली होती का, असं त्यांनी विचारलं. मी ठणकावून नाही म्हटलं. महिन्याभरातला फरक सोबतच्या फोटोत बघ आणि जळ!

तुझी लाडकी,
चिमी

९ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

सकाळी फोनवर घाईत म्हटलं तेच पुन्हा: डॉक्टरीणबाईंना भेटल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नकोस. कारण फोनवर सांगितलं नाही, ते आता लिहितेय.

धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर माझा पाय सुजला होता, आठवतं? मुरगळला म्हणून तुला सांगितलं. ती गुठळी होती, छातीपर्यंत पोचली होती. तुझी दहावी चालू होती, बाबांनी सगळ्यांना शपथ घातली. परीक्षा संपली, पण सांगायचं राहूनच गेलं. चूक माझी आहे.

आणि फोटोबद्दल. गोळीने वांगाबरोबर हनुवटीवरचा तीळही खाल्ला वाटतं? मला शेंडी लावतेस होय?

काळजीत असलेली,
ताई

२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पकडलंस. फरक दिसेना, म्हणून मीच फोटोवर हात फिरवला, त्यात तीळ गेला.

डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला, काही नाही. गोळ्या कायमच्या बंद केल्या, आधी का नाही सांगितलं म्हणून रागावल्या, आणि तुला नमस्कार सांगितलाय. आता रात्री मलम आणि उन्हात टोपी. वेळ लागेल म्हणाल्या, पण कपाळ खरंच उजळतंय.

ताई, मी तेव्हा भूगोलाचे नकाशे रंगवत बसले होते आणि तू मरता मरता वाचलीस. हे कळल्यावर मी डार्करूममध्ये जाऊन पोटभर रडले. गालांचं मग काही वाटेनासं झालं.

नवा फोटो पाठवतेय. हात लावलेला नाही. डाग आहेत, तीळही जागेवर आहे. आता तुझा पाय कसा आहे ते खरं लिही, आणि माझी परीक्षा असली तरी लिही.

माया अशीच राहू दे.

तुझी,
चिमी