जिन्यामागचा ठिपका

ती. आईस, लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

बाबा आग विझवताना गेले, तेव्हा तू म्हणायचीस, "कुठे अडकलेत, एवढं तरी कुणाला कळायला हवं होतं."

आता कळतं गं. जवानांच्या अंगावर यंत्र असतं. कंट्रोल रूममध्ये मला प्रत्येकाचा ठिपका पडद्यावर दिसतो.

काल आमचा लंबू जळत्या गोदामात जिन्यामागे अडकला. वायरलेसवर म्हणाला, "ताई, दिसतोय ना मी?"

"दिसतोयस रे, पोरं निघालीत."

पोरांना वाट अचूक सांगितली, पण मध्येच छत कोसळलं. लंबू गेला. ठिपका मात्र दिसतच राहिला.

उद्या त्याच्या आईकडे जायचंय. तो कुठे होता हे मला माहीत होतं, असं तिला सांगू का? बाबांच्या वेळी तुला ते सोसलं असतं?

तुझी,
धाकटी