थोरल्यांसमोरची चाल

आई, आज दवाखान्यात एका बाईला जवळजवळ नाकारलं होतं, आणि तेही मी घेतलेल्या मापावरून. म्हणून लिहितेय. एरवी तुला काही सांगायची सवय मला राहिलेली नाही. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते, आणि त्यानंतर बोलण्यापेक्षा मोजण्याकडेच जास्त वळले.

माझं काम तुला माहीत असायचं कारण नाही. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या तोंडाशी एक झडप असते. म्हातारपणी ती चुना धरल्यासारखी कडक होते, नीट उघडत नाही. माणसाला दम लागतो, चक्कर येते. पूर्वी ती बदलायला छाती उघडावीच लागायची. आता मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन जुन्या झडपेच्या आतच नवी बसवतात. पण हे सगळ्यांना करता येत नाही. कुणाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतात, कुणाच्या झडपेचं कडं मापाबाहेर असतं, आणि कुणाचं शरीर इतकं खचलेलं असतं की झडप सुधारली तरी माणूस अंथरुणातून उठणार नसतो. हे सगळं मी मोजते. इको करते, सीटी स्कॅनवर मिलिमीटर काढते, रुग्णाला चालवून बघते, आणि डॉक्टरांच्या बैठकीत आकडे ठेवते. ठरवतात ते. उत्तर बऱ्याचदा 'नाही' असतं, आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांशी बोलायला मला पुढं केलं जातं, कारण मला रडू येत नाही असा तिथं समज आहे. संध्याकाळी खोलीवर आले की मी पंखा लावून नुसती बसून राहते. स्वयंपाक करायचा राहतो.

ही बाई वैजापूरकडची, पंचाहत्तरी ओलांडलेली. बरोबर मुलगा आणि थोरले दीर. पांढरी टोपी, हातात काठी, सगळे त्यांना आबा म्हणत होते. तिची फुफ्फुसं बघून सर्जननी आधीच सांगितलं होतं की छाती उघडायची नाही. म्हणजे एक तर नळीतून झडप, नाहीतर नुसत्या गोळ्या, आणि गोळ्यांनी झडप उघडत नाही. स्कॅन चांगलं होतं. रक्तवाहिन्या रुंद, कडं मापात. राहिलं होतं फक्त चालणं. आमच्या व्हरांड्यात जमिनीवर दोन पट्ट्या चिकटवल्या आहेत, मध्ये पाच मीटर. रोजच्या चालीनं चला, एवढंच सांगायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं. शेवटच्या पट्टीच्या पलीकडे बाकावर आबा बसले होते. बाईनं चपला काढून हातात घेतल्या, पदर पुढं ओढला आणि भिंतीच्या कडेनं निघाली. फरशीवर घसरायची भीती वाटत असेल, असं मला वाटलं. ही चाचणी तीनदा घेतात. तिन्ही वेळा ती इतकी हळू चालली की मागून ट्रॉली घेऊन येणारी नर्स थांबून राहिली.

बैठकीत मोठे डॉक्टर म्हणाले, "स्कॅन सुंदर आहे हो, पण ही चाल बघा. झडप पळेल, बाई नाही पळायची. गोळ्यांवर ठेवू या." त्यांचं चुकत नव्हतं. नुसता तो आकडाच समोर असता तर मीही तेच म्हणाले असते. "अजून काही?" त्यांनी विचारलं, आणि मला त्या चपला दिसल्या. तिच्या नाही, तुझ्या हातातल्या.

देवगाव रंगारीचं आपलं घर. ओट्यावर मोठे काका बसलेत. तू घरातून निघतेस, चपला हातात, पदर कपाळापर्यंत, भिंतीला धरून, पावलाचा आवाज नाही. मी एकदा त्यांच्यासमोरून धावत गेले, तर तू मला चुलीजवळ ओढून नेलंस. "थोरली माणसं बसल्यावर धावायचं नाय. समजलं?" मी म्हटलं, मग उडायचं का? तू हसलीस आणि पाठीत धपाटाही घातलास. पण शेवटचं घर मागं पडलं की तू चपला धप्पकन खाली टाकायचीस, पायात सरकवायचीस आणि सुटायचीस. "चल गं, मागं काय राहती?" शेतापर्यंत मला पळावं लागायचं. तुझी ती चाल घरात कुणी पाहिलीच नव्हती. पुढं तू वाटेत बांधावर बसायला लागलीस, छातीवर हात ठेवून. कन्नडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुला विचारलं, चालताना दम लागतो का? उत्तर काकांनी दिलं. "नाय हो. तिची चालच तशी हाय, पहिल्यापासून. सावकाश." तू फरशीकडं बघत होतीस. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. तुझीही झडपच खराब होती की आणखी काही, ते मला माहीत नाही. कुणी बघितलंच नाही, आणि जे मोजलेलं नाही ते मी सांगत नाही.

मी म्हटलं, "चालण्याची चाचणी पुन्हा घ्यायला हवी."

"आकडा आवडला नाही म्हणून?"

"नाही सर. चाचणीच चुकली. समोर त्यांचे थोरले दीर बसले होते."

"हे कुठल्या नियमात लिहिलंय, मॅडम?"

"कुठंच नाही, सर."

त्यांनी फाइल माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "घ्या."

आबा उठायला तयार नव्हते. "म्या काय वाघ हाय व्हय? तिच्याचसाठी आलोय ना इतक्या लांबून!" मी म्हटलं, आबा, खाली चहा बरा मिळतो. "बिनसाखरेचा देत्यात का?" देतात, म्हटल्यावर ते मुलाचा हात धरून लिफ्टकडं निघाले.

लिफ्टचं दार बंद झालं तशी बाईनं चपला पायात घातल्या, पदर मागं टाकला आणि चालली. मी स्टॉपवॉच दाबलं. तिन्ही वेळा आकडा आमच्या मर्यादेच्या बराच आत आला.

"मावशी, मघाशी अशा का नाही चाललात?"

"आता गं बाई! आबा बसले व्हते ना. त्यांच्या म्होरून झपाझपा जाऊ व्हय?" तिला धाप लागली होती. खुर्चीत बसून तिनं श्वास सावरला. "दम लई लागतो बघ. पण पाय माझे पक्के हायेत."

दम लागतो तो झडपेमुळं, आणि झडप आम्हाला बदलता येते. दुपारी पुन्हा विषय निघाला आणि तिला घ्यायचं ठरलं, पुढच्या आठवड्यात. मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं, कसं लक्षात आलं? अंदाज, मी म्हटलं. हा शब्द मी तिथं पहिल्यांदाच वापरला. झडप नीट बसेलच असं नाही, नळी वर नेताना काहीही होऊ शकतं. सगळं नीट झालं तर ती वैजापूरला जाईल आणि आबांसमोरून पुन्हा भिंतीच्या कडेनंच चालेल. तिथं आमचं काही चालत नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. गेल्या दिवाळीत गावी गेले होते. काका अजून ओट्यावरच बसतात. आता त्यांना दिसत नाही, पावलाच्या आवाजावरून माणूस ओळखतात. मी ओट्यासमोरून पुढं गेले तरी त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही. दारात पोचले तेव्हा माझ्या सँडल माझ्या हातात होत्या. कधी काढल्या, ते मला आठवत नाही.