अकरा नंबरची हजेरी

३ नोव्हेंबर, सोमवार

पाठवली! आरोग्य खात्याच्या साइटवर तक्रार, सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी. बोट दोनदा मागे घेतलं, तिसऱ्यांदा डोळे मिटून दाबलं.

नाव दिलं नाही, फोन नंबर दिला नाही. ‘आपली ओळख गुप्त राहील’ असं वरच ठळक अक्षरांत होतं. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलं – आमच्या लॅबमध्ये रसायन संपलं की साहेब म्हणतात, “नेहमीचं टाक.” म्हणजे रक्ताची नळी न उघडता कचऱ्यात, आणि रिपोर्टवर धडधाकट माणसाचे आकडे. रिपोर्ट टाइप करणारी मीच, हे मात्र लिहिलं नाही. तेवढी अक्कल होती.

पाठवल्यावर हिरवा चौकोन आला. आभारी आहोत, तारीख, वेळ. आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत – आयपी पत्ता. चार आकडे, मध्ये टिंबं.

पत्ता! मी कुठे दिला होता पत्ता?

फोन पालथा ठेवला. आई आतून ओरडली, “चहाचं पाणी झालंय गं!” चहा प्यायले, लॅबमध्ये गेले, संध्याकाळपर्यंत साठ रिपोर्ट टाइप केले. कसे केले देव जाणे. ही वही आजपासून जुन्या चादरींच्या घडीत. कागद तरी कुणाला पत्ता सांगत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

घरात शिरलं की माझा फोन आपोआप वायफाय धरतो. हे मला काल सकाळी आठवायला काय झालं होतं? आणि वायफाय कुणाचं – वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं!

मास्तर म्हणजे निवृत्त गणिताचे शिक्षक. वायफायची पेटी त्यांच्या कपाटावर, वापरणारी बिऱ्हाडं चार. फुकट देतात, पण एक अट – प्रत्येक फोनला त्यांनी पेटीत कायमचा नंबर लावून दिलाय. मास्तर एक, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू दोन, तळमजल्यावरच्या शिंप्याचं खटलं तीन ते सात, समोरच्या रात्रपाळीवाल्या नवरा-बायकोचे तीन फोन आठ ते दहा, मी अकरा, आई बारा. रोज सकाळी फिरून आले की साडेसातला गॅलरीत बसून फोनवर पेटीची यादी उघडतात आणि वहीत हजेरी मांडतात. ‘ह’ किंवा ‘गै’, समोर वेळ. पस्तीस वर्षांची सवय. वर्ग गेला, हजेरी राहिली. मला हाकही मारतात ती “काय अकरा?” अशी. आम्ही सगळे हसतो याला. हसायचो.

आज जिन्यात सहज विचारल्यासारखं विचारलं, “मास्तर, आपण फोनवरून काही पाठवलं की बाहेरच्यांना कुठला पत्ता दिसतो?”

खूश झाले. विद्यार्थी मिळाला! म्हणाले, “बाहेर सगळ्यांचा एकच. वाड्याला दार एक. आतून कोण बाहेर पडलं ते बाहेरच्याला कळत नाही. ते फक्त मला ठाऊक.”

पहिल्या वाक्याला जीव भांड्यात पडला. शेवटच्या वाक्याला परत बाहेर आला. आणि आता लिहिताना सुचतंय – ते एकच दार आहे कुणाच्या नावावर? मास्तरांच्या!

५ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. साहेब माझ्याकडे बघून हसले. का हसले?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांच्या हातात माझी तक्रार! छापलेली!

तक्रार जिथे पाठवली त्या ऑफिसात त्यांचा कुणी साडू आहे म्हणे. दुपारी सगळ्यांना उभं केलं आणि वाचून दाखवली. “नळ्यांचं टोपणही न काढता त्या फेकल्या जातात.” माझं वाक्य त्यांच्या तोंडून. मी जिथे थांबले होते तिथेच ते थांबत होते. मला वाटलं, आता सगळे वळून माझ्याकडेच बघणार.

“नाव लिहिलेलं नाही,” साहेब म्हणाले. “पण पत्ता आलाय. बदनामीची तक्रार केलीय मी पोलिसांत, सायबरवाले शोधतील. आठवड्याच्या आत माणूस माझ्यासमोर उभा असेल. मग मी बघतो त्याला पुन्हा कोण नोकरी देतं ते.” आवाज अजिबात चढवला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

शेजारच्या टेबलावरची मिरची – तिचं खरं नाव आता कुणालाच आठवत नाही – कानाशी कुजबुजली, “कोण असेल गं हा शहाणा?” मी म्हटलं, “मला काय माहीत.” आवाज असा पातळ निघाला की मिरचीने पाण्याची बाटली पुढे केली.

घरी येऊन फोनमधलं सगळं पुसलं. पुसून काय होणार? जे गेलं ते गेलं. आई म्हणाली, “फोन आहे की देवाची मूर्ती? दोन तास घासतेयस!”

८ नोव्हेंबर, शनिवार

आज लिहूनच टाकते. इथे नाही तर कुठे.

जुलैत काकूंना थकवा यायचा. मास्तर त्यांना मोठ्या हॉस्पिटलात न्यायला निघाले होते. मीच म्हटलं, कशाला एवढं लांब, मी घरी येऊन रक्त घेते, आमच्याकडेच तपासू. घेतलं. काकू म्हणाल्या, “कळलंसुद्धा नाही गं, किती हलका हात!” त्या दिवशी मूत्रपिंडाच्या तपासणीचं रसायन संपलेलं. साहेब म्हणाले, नेहमीचं टाक.

मी टाकलं. शून्य पूर्णांक नऊ. काकूंचं नाव समोर दिसत होतं, तरी टाकलं. म्हटलं, काय व्हायचंय, नुसता तर थकवा आहे.

सप्टेंबरात पाय सुजले. हॉस्पिटलात कळलं, मूत्रपिंडं जवळजवळ गेलीत. आता आठवड्यातून तीनदा मशीनवर. तिथला डॉक्टर म्हणाला होता, दोन-तीन महिने आधी कळतं तर. मास्तर हे मला सांगत होते आणि मी मान हलवत होते!

म्हणून केली तक्रार. फार धीट आहे म्हणून नाही.

आमच्या रिपोर्टवर अगदी खाली टाइप करणाऱ्याची दोन अक्षरं असतात. कुणी वाचत नाही ती. मास्तरांनी तो रिपोर्ट फायलीत लावून ठेवलाय. ते तर किराणा दुकानाच्या पिशव्यांचीही घडी घालून ठेवतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

जिन्यात पावलं वाजली की दाराच्या फटीतून बघते. आज गॅस सिलिंडरवाला होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आला. सायबरवाला.

माझी सुट्टी होती. तरुण, खांद्याला बॅग, बूट बाहेर काढून वर गेला. मास्तरांच्या खोलीखालीच आमचं स्वयंपाकघर. मी कणीक मळत बसले आणि कान वर. खुर्च्या सरकल्या. बराच वेळ नुसती बारीक आवाजात बोलणी. मग मास्तरांचा आवाज एकदाच चढला – “हो, माझ्याच नावावर आहे! नाही कुठे म्हणतोय?”

चाळीस मिनिटांनी तो खाली उतरला. आमचं दार उघडं, दारात आई. विचारलं असणार काहीतरी, कारण आईचा पट्टा सुरू झाला: “अहो, मास्तरांना काय विचारायचं! वहीत सगळं असतं त्यांच्या. कोण किती वाजता होतं, कोण नव्हतं. एक दिवस चुकवलेला नाही माणसाने!” कौतुकाने सांगत होती. मास्तरांचं कौतुक!

तो म्हणाला, “वही? वहीचं बोलले नाहीत ते मला.” आणि पुन्हा वर गेला.

मास्तर वहीचं बोलले नव्हते! का नव्हते बोलले?

आईला मी काय बोलू? तिने गुन्हेगाराला पकडायला मदत केली म्हणून ती दिवसभर खुशीत आहे. “शुक्रवारी येऊन पेटी आणि वही दोन्ही नेणारेत,” म्हणाली. “कुणी केलं असेल गं? मला तर तो समोरचा रात्रपाळीवाला वाटतो. डोळे बघ त्याचे.” मी तिच्यावर खेकसले. मग मलाच रडू आलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वही पाहिली.

मास्तर औषधं आणायला गेले ते गॅलरीतून पाहिलं आणि वर गेले. दार लोटलेलंच असतं. वही पेटीखाली खिळ्याला टांगलेली. त्या सोमवारचं पान काढलं.

३ नोव्हेंबर. शिंप्याचं सगळं खटलं लग्नाला गेलेलं – तीन ते सात गैरहजर. रात्रपाळीवाले नऊच्या आधी येत नाहीत – गैरहजर. बारा गैरहजर, कारण आई फोन मावशीकडे विसरून आली होती. मास्तर स्वतः फिरायला, फोन खिशात – ‘एक’समोर ‘गै, सव्वासातनंतर ह’. स्वतःलाही सूट नाही!

सात वाजून बारा मिनिटांनी वाड्यात हजर दोनच. दोन आणि अकरा. दोन म्हणजे काकू, त्यांना फोन उचलून कानाला लावतानाही धाप लागते. उरलं कोण? लहान मूलही सांगेल.

पान फाडायचं, एवढंच. कोपरा चिमटीत धरलासुद्धा. तेवढ्यात आतून हाक, “कोण गं? तूच ना? पावलावरून ओळखलं.”

वही टांगली. आत गेले. काकू म्हणाल्या, पायाखाली उशी दे जरा. पाय उचलले. बोट लागलं तिथे खळगा पडला, तो भरेना. म्हणाल्या, “तू आहेस म्हणून बरं बाई. तेव्हा घरी येऊन रक्त घेतलंस, दगदग वाचली माझी.”

मी उशी नीट केली आणि खाली आले. पान फाडलं नाही. धीर झाला नाही की लाज वाटली, कोण जाणे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मास्तरांना सांगून टाकायचं ठरवलं. दोनदा जिना चढले, दोनदा उतरले. तिसऱ्यांदा तेच खाली येताना भेटले.

“काय अकरा, उद्या परीक्षा असल्यासारखं तोंड का?”

मी म्हटलं, “मास्तर, मला तुमच्याशी…”  त्यांनी दोन पायऱ्या उतरून मला वाट दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “काकूची जुलैची फाइल काढली होती काल. त्या रिपोर्टवर खाली बारीक अक्षरं असतात, नाही? चष्मा बदलल्यावर दिसली.”

आणि खाली उतरून गेले. रागावले नाहीत, थांबले नाहीत. मी कठडा धरून उभी.

त्यांना ठाऊक आहे. दोन्ही ठाऊक आहे – तक्रार कुणाची आणि रिपोर्ट कुणाचा. वही त्यांच्या हातात, उद्या शुक्रवार. मी त्यांच्या जागी असते तर? एका शब्दात नाव सांगून मोकळी झाले असते. तेही तेच करतील आणि बरोबरच आहे त्यांचं. पण मला भीती वाटते. नोकरी जाईल, केस होईल, आईला काय सांगू? आणि काकूंना कोण सांगेल, हलका हात कुणाचा ते?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ

वायफाय बंद आहे. आईची कुरकुर चालू.

१४ नोव्हेंबर. दुपार

नेलं. पेटी, वही आणि मास्तरांनाही.

पेटीतली यादी कोरी निघाली. “पहाटे मागचं बटण दाबलं गेलं, म्हातारा माणूस,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी वही उघडून दिली. पंच म्हणून आम्हा सगळ्यांना त्या पानाखाली सह्या करायला वर बोलावलं होतं.

३ नोव्हेंबर. हजर दोनच – एक आणि दोन. ‘एक’समोर नुसता ‘ह’, अकरासमोर ‘गै’. तिथला कागद खरवडून पातळ झालेला, पलीकडचं दिसेल इतका.

“तक्रार मीच केली,” मास्तर म्हणाले. “माझ्या बायकोचा रिपोर्ट खोटा होता. टाइप करणाऱ्याशी माझं भांडण नाही, करवून घेणाऱ्याशी आहे.” आतून काकू विचारत होत्या, कोण आलंय हो?

मग त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. “कर सही, अकरा.”

मी सही केली.