सात दिवसांचा विटाळ

यरुशलेम, एथानीम महिन्याचा पाचवा दिवस

ती. बाबांना तिर्साचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. आधी खाली बसा, मग वाचा. तुमच्या जावयांनी वर्षभर राजवाड्याचे उंबरे झिजवले, त्याला यश आलं. येत्या पंधराव्याला, मांडवसणाच्या पहिल्या दिवशी, त्या एकाच दिवसापुरती, तुम्हाला कराराच्या कोशापुढे, देवाच्या त्या पवित्र पेटीपुढे, याजक म्हणून उभं राहायची परवानगी मिळाली आहे. गादीच्या भांडणात चुकीच्या राजपुत्राची बाजू घेतली म्हणून तुमचं याजकपण गेलं आणि तुम्ही गावी अनाथोथला नांगर हाकायला गेलात, त्याला आठ वर्षं झाली.

तागाचा नवा झगा मी स्वतः विणलाय. शल्लूम म्हणतात, सासरेबुवा पुन्हा दरबारातल्या भानगडीत बोलायला लागले तर मी ओळख दाखवणार नाही. तेव्हा तोंड मिटून या. मुख्य म्हणजे शुद्ध राहा. प्रेताचा विटाळ सात दिवसांचा, आणि अशी परवानगी पुन्हा मिळायची नाही.

माया आहेच, ती झग्याच्या शिवणीतही दिसेल.

आपली तिर्सा

अनाथोथ, बारावा दिवस

चि. तिर्साला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. रडलोही, गाढवाखेरीज कुणी पाहिलं नाही. पण पोरी, मी येत नाही. रागावण्याआधी ऐक.

शेजारची जिल्पा काल गेली. परक्या मवाब देशातून लग्न होऊन आलेली, मागे ना नवरा, ना मूल, ना भाऊ. मी इथे नवखा असताना नांगर धरायला तिने शिकवलं, आणि याजकाचे हात फक्त खायलाच असतात का, असं चारचौघांत विचारलं. आपलं गाव याजकांचं, रक्ताच्या नात्याबाहेरच्या प्रेताला कुणी पुरुष शिवत नाही. एरवी खांदा देणारी शेजारच्या गावची माणसं द्राक्षं तोडायला पांगलेली. बायकांना ती बंदी नाही, त्यांनी तिला न्हाऊ घातलं, पण उचलणार कोण? सगळे सोवळं सांभाळत लांब उभे. कुणी म्हणालं, सण होईपर्यंत राहू दे. ऊन चढत होतं, माश्या बसायला लागल्या होत्या.

आमच्या याजकांच्या गावाची, नोबची गोष्ट मी तुला कधी पुरती सांगितली नाही. माझ्या बाबांनी राजाच्या भीतीने पळून आलेल्या एकाला भाकर दिली, म्हणून तेव्हाच्या त्या राजाने एका दिवसात पंच्याऐंशी याजक कापले. मी तेवढा पळालो. बाबा तिथेच पडले होते. त्यांना माती मिळाली की नाही, मला आजही ठाऊक नाही.

काल मला पळवेना. कोश वाहिलेल्या या खांद्यावर तिला घेतलं आणि डोंगरातल्या दफनाच्या गुहेत ठेवून आलो. फार हलकी होती ग.

शल्लूमची माफी मागतो. बापाला मनातून उतरवू नकोस.

तुझा बाबा, अब्याथार

यरुशलेम, तेरावा दिवस

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. झगा पेटीत ठेवला, खरं तर आपटलाच. एवढी वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली होती. शल्लूम मात्र म्हणाले, या माणसासाठी उंबरे झिजवले याचं मला आजच खरं समाधान वाटतंय. म्हणून तेच आता राजवाड्यात निरोप सांगायला गेलेत.

सणाला आम्हीच येतो. ऑलिव्हच्या फांद्या आणते, तुमच्या अंगणात मांडव घालू. तुम्ही लांब कोपऱ्यात बसाल, आम्हाला जवळ येऊ देणार नाही, हे मी ओळखून आहे. विटाळलेल्याला शिवलं तर संध्याकाळपर्यंत विटाळ, हे लहानपणी तुम्हीच शिकवलंत. म्हणून आम्ही पहाटेच निघतोय. पोचल्या पोचल्या तुमच्या गळ्यात पडेन, म्हणजे विटाळ लागूनच जाईल आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या शेजारून मला उठवायचा कुणाला हक्क राहणार नाही.

बाकी सगळं समक्ष.

तुमची तिर्सा