बेर्तबाईंच्या गोठ्यात

फरवानिया, कुवेत
१८ नोव्हेंबर १९९१

ती. सुहासिनीताईस,

प्रतापचा तुझ्या आणि भावोजींच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझं पत्र मिळालं. सगळे खुशाल आहेत असं तू लिहितेस, पण तुझ्या ओळी शेवटाला खाली उतरत गेल्या आहेत. त्याअर्थी तू आडवी पडून लिहिलंस आणि त्याअर्थी गुडघा पुन्हा धरलाय. ‘हे मजेत आहेत’ असंही दोनदा लिहिलंयस. एकदा लिहिलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता. देवरुखात काय चाललंय ते खरं खरं कळव. आम्ही दोघं बरे आहोत. (हे मी एकदाच लिहितोय, बघ.) लढाई संपल्यावर इकडे परत आलो तेव्हा लुटलेल्या घरात पडद्यांच्या दांड्या तेवढ्या शिल्लक होत्या. बाकीचं हळूहळू जमतंय. तेलाच्या सगळ्या विहिरी विझवल्या असं पेपरात आलंय, तरी नीलाचा पांढरा कोट वाळत घातला की संध्याकाळी त्यावर काजळीचे बारीक ठिपके दिसतात. एखादी विहीर अजून जळत असावी आणि कोणी सांगत नसावं, असा माझा अंदाज आहे.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी इकडे इराकचं आक्रमण झालं तेव्हा मी फ्रान्समध्ये होतो हे तुला माहीत आहेच. मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं की कंपनीने आम्हाला चांगल्या हॉटेलात ठेवलं होतं आणि तिथून मी मुंबईला आलो. ताई, ते खोटं होतं. मी गोठ्यात होतो. म्हणजे सुरुवातीला गोठ्यात. ते सगळं आज सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. (दुसऱ्या कोणाच्या म्हणजे कोणाच्या, ते पुढे येईल.)

तर, मूत्रपिंडं निकामी झालेल्यांचं रक्त गाळणारी आमच्या इस्पितळातली मशीनं फ्रान्सची होती. ती दुरुस्त करायला शिकण्यासाठी मला आणि जाफरला जुलैत तीन आठवडे तिकडे पाठवलं. जाफर म्हणजे आमचा स्टोअरकीपर, हर्णैचा. चांगला माणूस, पण एक मोठा दोष आहे. त्याला जो जे सांगेल ते तो खरं मानतो. शिक्षण संपलं आणि विमानाला आठवडा उरला, तेव्हा शिकवणारा इंजिनिअर रेने म्हणाला की माझ्या गावी दोन सायकली पडून आहेत, घ्या आणि चार-पाच दिवस आमचे डोंगर बघा. जाफर लगेच तयार. मी विचारलं, फुकट का? रेने नुसता हसला. फुकट का, या प्रश्नावर जो माणूस नुसता हसतो त्याची सायकल घेऊ नये असं माझं मत होतं. पण त्या संध्याकाळी नीलाला फोन केला तर तीही म्हणाली, जा, जरा हिंडून ये, घाईने परत येऊ नकोस. आता, आपला नवरा घाईने परत येऊ नये असं बायकोला का वाटावं, या विचारात मी ती रात्र काढली आणि सकाळी निघालो.

त्या मुलखाला ओव्हर्न म्हणतात. रस्ता असा की कुंभार्ली घाट संपला म्हणावं तो समोर दुसरा कुंभार्ली, त्याच्यामागे तिसरा. सायकलीला गिअरच्या पुढे दोन आणि मागे पाच चकत्या होत्या. सोपी चकती कुठली हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं ती रेनेने काढून ठेवली असावी. पँटच्या पायांना मी मशीनची रबरी नळी कापून बांधली होती, आणि चेन पडली की ती इस्पितळातल्या चिमट्याने चढवायचो. चढ आला की आम्ही उतरून सायकली ढकलायचो. उतार आला की जाफर दोन्ही पाय पसरून ओरडत जायचा आणि मी दोन्ही ब्रेक दाबून त्याच्यामागून पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. निघण्याआधी दोन्ही सायकलींचे दांड्यावरचे नंबर मी वहीत उतरून घेतले होते. उद्या कोणी म्हणालं की सायकल बदलली, तर पुरावा हवा.

गावं सुंदर होती हे मान्य करतो. काळ्या दगडाची घरं, खिडकीत लाल फुलं, गळ्यात घंटा बांधलेल्या तांबूस गाई. पण दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही गावात शिरलो की पटापट दुकानं बंद, खिडक्यांच्या झडपा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोन दिवस हे झाल्यावर मी जाफरला म्हटलं की आपल्याला बघून लपताहेत. तो म्हणाला, जेवताहेत. चीज तर असं की वास आल्याबरोबर मी विकणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघितलं, शिळं खपवतेय की काय. तिने स्वतः एक तुकडा खाऊन दाखवला. (तोही तिने कडेचा घेतला होता.) जाफर मात्र जो भेटेल त्याला छातीवर हात ठेवून ‘कोवेत, कोवेत’ सांगत सुटला होता. मी त्याला बजावलं, सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, म्हणजे दोन ऑगस्टला, सकाळी पावाच्या दुकानात गेलो तर दुकानदारीण आमच्याकडे बघून एकदम गप्प झाली. मग भराभर काहीतरी बोलली, पाव माझ्या हातात कोंबला आणि डोळे पुसले. बाहेर दोन म्हातारे आमच्याकडे बोट दाखवून कुजबुजत होते. एकाने टोपी काढली. ताई, पाच दिवस ज्यांनी नीट बघितलंही नाही ते लोक अचानक टोप्या काढायला लागले तर माणसाने काय समजावं? मी जाफरला म्हटलं, इथून आत्ताच्या आत्ता निघू या.

गावाबाहेर मैलभर गेलो असू, तोच मागून पोलिसांची निळी गाडी आली. आतल्या शिपायाने हात बाहेर काढून थांबायची खूण केली. माझ्या डोक्यात एका क्षणात लख्ख उजेड पडला. सायकली चोरीच्या होत्या. रेने का हसला, तेही कळलं. जाफर थांबला. मी थांबलो नाही. समोर उतार होता आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी दोन्ही ब्रेक सोडले. पुढचं मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. वारा, गाडीचा भोंगा, उजव्या पायातला बूट निसटला तो. वळणावर एक उघडं फाटक दिसलं, आत शिरलो, सायकल टाकली आणि समोरच्या गोठ्यात जाऊन गवताच्या भाऱ्यांमागे आडवा झालो. सात गाई माझ्याकडे बघत होत्या.

थोड्या वेळाने दारात एक बाई उभी राहिली. सत्तरीच्या पुढची, बुटकी, पायात रबरी गमबूट, हातात गवत उचलायचा काटा. मी हात वर केले. मी कोण हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण सबंध पंचक्रोशीत आमच्या रंगाचे दोनच सायकलवाले होते. तिने काटा भिंतीला टेकवला, जवळ आली आणि हळूच विचारलं, “कोवेत?”

मी मान हलवली. तिने माझं मनगट धरलं, शाळेत पोचवायला न्यावं तसं मला स्वयंपाकघरात नेलं आणि टीव्हीसमोर बसवलं. आधी नकाशा होता. मग समुद्रकाठचे ते निळ्या गोलांचे मनोरे, ज्यांच्यासमोर माझा आणि नीलाचा फोटो तुझ्या कपाटावर आहे. मग धूर. मग रणगाडे. भाषा एका अक्षरानेही कळत नव्हती आणि सगळं कळलं. मी नीलाचं नाव घेतलं असावं, कारण बाईने खडू घेतला, भिंतीवरच्या पाटीवर ‘नीला’ असं तिच्या लिपीत लिहिलं आणि माझ्यापुढे फोन ठेवला. नंबर लागत नव्हता. तेवढ्यात जाफर आणि तो शिपाई आले. शिपायाच्या हातात माझा बूट होता. तो खाली वाकला आणि बूट माझ्या पायाजवळ नीट सरळ ठेवून बाजूला उभा राहिला. आम्हाला बातमी कळली नसेल म्हणून सकाळपासून तो डोंगरातल्या गावागावात आम्हाला शोधत होता.

त्या बाईंचं नाव बेर्त. त्यांच्याकडे आम्ही नऊ दिवस राहिलो. माझा स्वभाव एका दिवसात बदलला असं तुला वाटत असेल तर तसं झालं नाही. पहिल्या संध्याकाळी सूप पुढे आलं ते मी जाफरने अर्धं संपवेपर्यंत तोंडाला लावलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला गवत भरायला लावलं तेव्हा मी म्हटलं, बघ, फुकटचे दोन गडी मिळाले. जाफरने काम थांबवलं नाही. फक्त म्हणाला, “टीव्हीसमोर बसून वेडा होशील, म्हणून तुला बाहेर काढलंय तिने. एवढंही दिसत नाही का तुला?” ते मला बोचलं. दर तासाला हातातलं काम टाकून बाई आत जायच्या, मी पाटीवर लिहून दिलेला कुवेतचा नंबर फिरवायच्या आणि बाहेर येऊन मान हलवायच्या. चौथ्या दिवशी पहाटे पाणी प्यायला उठलो तर त्या स्वयंपाकघरातल्या बाकावर कोट पांघरून झोपलेल्या. घरात खाटांची एकच जोडी होती आणि तिच्यावर आम्ही दोघं. शिपायाला थोडं इंग्रजी येत होतं. त्याने सांगितलं की लग्नाला दोन वर्षं झाली असताना त्यांचा नवरा लढाईत कैदी झाला आणि पाच वर्षांनी परत आला. पाच वर्षं त्या घरात त्यांनी वाट बघितली होती. ताई, मी त्या दिवशी सातही गाईंखालचं शेण काढलं. दुसरं काय करावं ते मला सुचेना.

दहाव्या दिवशी रेने मोटार घेऊन आला आणि आम्हाला पॅरिसला आपल्या वकिलातीत घेऊन गेला. (सायकली त्याच्याच होत्या. मी नंबर ताडून पाहिले.) पुढचं तुला ठाऊक आहे. मी मुंबईत आलो आणि एकोणीस सप्टेंबरला नीला उतरेपर्यंत, कुवेतमधून सुटलेल्यांना घेऊन अम्मानहून येणारं प्रत्येक विमान गाठलं. नीलाला एवढा उशीर का झाला, असं तू तेव्हा विचारलंस आणि मी म्हटलं बस मिळाली नाही. तेही खोटं.

मशीन बिघडलं तर काय करायचं, याची माझी एक वही होती. कोणी माझं ज्ञान चोरून माझी जागा घेऊ नये म्हणून ती मी सगळी मराठीत लिहिली होती. कुठली तार, कुठला पडदा, कुठला स्क्रू, सगळं मराठीत, वर आपले खास शब्द घालून. आक्रमणानंतर बाकीचे टेक्निशियन पांगले. इस्पितळात अकरा रुग्ण, चालू मशीनं दोन आणि ती वही वाचू शकणारी एकटी नीला. ती नर्स, तिने कधी स्क्रू-ड्रायव्हर धरलेला नव्हता. दोनदा बस निघाली, दोनदा ती उतरली. पाच आठवडे तिने माझ्या वहीत बोट ठेवून ती मशीनं चालवली. शेवटी त्या रुग्णांची दुसऱ्या इस्पितळात सोय झाली तेव्हा निघाली. विमानतळावर मी तिला विचारलं, का थांबलीस? ती म्हणाली, “तुझं अक्षर दुसऱ्या कोणाला लागलं नसतं.” रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. आता मी नवी वही केली आहे, इंग्रजीत, आणि ती मशीनशेजारी खिळ्याला टांगलेली असते.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक दे आणि पुढचं पत्र बसून लिही.

तुझा,
प्रताप

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. बेर्तबाई हिंदुस्थानात येणार आहेत. नीलाने मला न विचारता बोलावलंय. आठवडाभर जाफरच्या घरी हर्णैला आणि आठवडाभर तुझ्याकडे, असा बेत आहे. कधी, ते मला कोणी नीट सांगत नाही. नीलाचं आणि जाफरचं काहीतरी शिजतंय. तुला जमेल का ते सवडीने कळव. गुडघ्यामुळे नाही म्हणालीस तरी चालेल, मी त्यांना तसं लिहीन.

ता. क. २. आल्याच तर त्या पहाटे उठून तुझ्या गोठ्यात जातील. जाऊ दे. वय त्या चौऱ्याहत्तर सांगतात, पण मला ते जास्त वाटतं.

वन्संना नीलाचा नमस्कार. हे पत्र लिहून बारा दिवस झाले. वाटेत कोणी फोडून वाचेल म्हणून हे ते उशीखाली ठेवून झोपत होते. आज तीस तारीख. जाफरभाई मुंबईला निघालेत, त्यांच्या हाती देते आहे. बेर्तबाई परवा सकाळी मुंबईत उतरतील आणि जाफरभाई त्यांना घेऊन आधी थेट तुमच्याकडेच येतील. म्हणजे तुम्ही हे सगळं वाचत असताना त्या तुमच्या ओटीवर ताटकळत बसल्या असणार. आता कागद खाली ठेवा आणि त्यांना आत बोलवा.